मागच्या बाकावरच्या सासूबाई

मुलीचं लग्न झालं आणि घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून शिंपीणबाईंनी दहावीला बसायचं ठरवलं. शाळा सुटून तीस-एक वर्षं झाली होती. दिवसभर गणवेशांना काजं करायची आणि संध्याकाळी प्रौढांच्या वर्गाला जायचं, असं वर्षभर चाललं.

पहिल्या पेपराला त्या बाकावर बसल्या, तर पुढच्या बाकावर ओळखीची मान दिसली. वर ओळखीचं टक्कलही होतं. त्यांचे जावई. लग्न ठरताना मुलगा दहावी पास असल्याचं सांगितलं होतं, आणि मुलीने ते सगळ्या आळीला ऐकवलं होतं.

त्या मानेकडे बघत बाईंनी पेपर लिहिला. सुटल्यावर जावई नळापाशी तोंड धूत होते. बराच वेळ धूत होते.

"आई, हिला सांगू नका," शेवटी ते म्हणाले.

"चौथा प्रश्न सोडवलात का?" बाईंनी विचारलं.

जावई ज्या गोदामात कामाला होते तिथे त्यांना मुकादम करायचं ठरलं होतं आणि मालकाने दाखला मागितला होता. घरी त्यांनी मालमोजणी निघाल्याची थाप मारली होती.

निकाल लागला. बाई पास झाल्या, जावई गणितात उडाले. फेरपरीक्षा होती, पण अभ्यासाला रोज मालमोजणी कुठून काढायची? बाईंनी विचार केला आणि मुलीला सांगितलं, "मी गणितात गेले."

मुलगी म्हणाली, या वयात ही हौस सुचलीच कशी, आणि सुचली तर घरात शिकलेला माणूस असताना बाहेर धावायचं कशाला. "ह्यांना पाठवते. शिकवतील."

जावयांनी खाली बघत होकार दिला.

मग ते रोज संध्याकाळी शिकवायला येत आणि शिकून जात. अपूर्णांक काही केल्या त्यांच्या पचनी पडत नव्हते. बाई रागावत नसत. नुसत्या पुस्तक मिटून चहा ठेवायला उठत. जावयांना तेच जास्त लागे. घरी बायको विचारी, आईच्या डोक्यात काही शिरतंय का? ते म्हणत, हळूहळू शिरतंय.

परीक्षेच्या दिवशी जावयांनी सासूबाईंना स्कूटरवरून केंद्रावर आणलं. ते आत गेले. बाई बाहेर कट्ट्यावर शर्टांना बटणं लावत बसल्या.

या खेपेला ते पास झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. बाई लेकीकडे आल्या होत्या, शेजारीच बसल्या होत्या. मुलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ती आईकडे वळली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या पेपरापासून."

"आणि तुझं गणित?"

"ते तेव्हाच सुटलं होतं."

मुलगी उठून आत गेली. तिने दोघांशी अबोला धरला. दोघांनी तक्रार केली नाही. बाई रोज संध्याकाळी येत, आणि शिक्षा निम्मी निम्मी वाटून घेतल्यासारखे ते बाहेरच्या खोलीत मुकाट बसत.

आठवड्याने ती नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलली.

"गणितात किती पडले?"

"अडतीस."

"काठावरच," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात वाढायला लागली.

आईशी बोलायला तिला आणखी दोन दिवस लागले. आईला जास्त मार्क होते.