नंबर देता येतो

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या सलूनमध्ये खुर्ची एक, आरसा एक आणि भिंतीला लागून पाच माणसांचा बाक. रविवारी त्याच बाकावर सात जण बसत आणि आठवा दाराला टेकून उभा राही. मालकाचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळे त्यांना नंबरशेठ म्हणत.

कारण दुकानात कायदा एकच होता. आधी आला तो आधी बसला. नंबरशेठ कापड झटकून “पुढचा!” असं ओरडले की पुढचा म्हणजे पुढचाच; मग मागे हेडमास्तर असोत नाहीतर फौजदार. एकदा एक नवरदेव लग्नाला तासभर उरलेला असताना धापा टाकत आला. “बसा,” नंबरशेठ म्हणाले. तो बसला आणि स्वतःच्या लग्नाला उशिरा पोहोचला. त्याची बायको अजूनही रस्त्यात नंबरशेठ दिसले की तोंड फिरवते.

या बाकावरच त्यांची थोरली लेक लहानाची मोठी झाली. मोठी म्हणजे किती, तर तीन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने कमी. तिचा तिखटपणा पाहून गिऱ्हाइकांनीच तिला लवंगी म्हणायला सुरुवात केली होती. दुकानाच्या मागच्या दारानं दोन पायऱ्या उतरल्या की घर. त्यामुळे चालायला लागल्यापासून ती रोज सकाळी बाकाच्या टोकाला येऊन बसे आणि कोण मध्ये घुसतंय यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवी. “काका, तुम्ही नंतर आलात,” असं तिनं भल्याभल्यांना सुनावलं होतं. बापाला कोण अभिमान!

मग बाळ आलं. मुलगा, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. “सलूनवाल्याच्या घरी टकलू!” म्हणून बाकानं तीन दिवस हसून घेतलं. लवंगी मात्र हसली नाही. तिनं गुंडाळलेल्या भावाकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

“हा कधी आला?”

“परवा,” नंबरशेठ म्हणाले.

“आणि मी?”

“तू केव्हाच आलीस. याच्या कितीतरी आधी.”

“मग माझा नंबर आधी.”

नंबरशेठना हसू आवरेना. “बरोब्बर! घरातही कायदा तोच. तुझा नंबर आधी!” असं ते बोलून बसले, आणि तिथंच माशी शिंकली.

कारण आता घरातही रांग लागली. आईनं बाळाला दूध पाजायला उचललं की लवंगी मांडीवर हजर. “माझा नंबर!” आंघोळीचं पाणी काढलं की ही आधी मोरीत, आणि पाणी गार होईपर्यंत बाहेर येण्याचं नाव नाही. जेवायला बसली की एकेक शीत मोजून खाल्ल्यासारखं जेवायची. आपला नंबर जेवढा लांबेल तेवढा भावाचा लांबणीवर, हे तिला न शिकवता समजलं होतं. तिकडे बाळ रडून रडून टोमॅटोसारखं लाल व्हायचं.

“अहो, हे घर आहे की दुकान?” बायको विचारायची. पहिले चार दिवस हसत विचारायची. पुढे हसणं गेलं.

नंबरशेठनी कायदा मागे घेऊन पाहिला. “बाळ लहान आहे ना राणी, त्याला थांबता येत नाही.” लवंगीनं कमरेवर हात ठेवले आणि बापाच्याच सुरात म्हणाली, “नंबर म्हणजे नंबर.” आपलेच दात आपलेच ओठ. बोलायचं कुणाला?

मंगळवारी मात्र भलतंच झालं. आई कपडे वाळत घालायला वळली तेवढ्यात लवंगीनं बाळाचा पाय धरून त्याला पलंगावरून ओढलं. तिच्या जागेवर तो झोपला होता ना! खाली उशी पडलेली होती म्हणून बरं. बाळाला काही झालं नाही. पण आईनं कपडे तसेच टाकले. तिनं थोरल्या बहिणीला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. बहीण दोन तासांवरच्या गावात राहायची, मुलंबाळं मोठी झालेली, घर मोकळं. ती म्हणाली, “त्यात काय एवढं? थोरलीला माझ्याकडे ठेव. बाळ वर्षाचं झालं की नेशील परत. मी रविवारी येते.”

हे ऐकल्यावर नंबरशेठ दुकान तसंच सोडून बायकोसमोर येऊन बसले.

ते चार वर्षांचे असताना त्यांच्या पाठीवर भाऊ झाला होता. ‘आईला झेपत नाही, महिनाभर काकाकडे राहू दे,’ असं तेव्हाही ठरलं होतं. काका-काकू जीव लावणारी माणसं. महिन्याचे दोन महिने झाले, मग शाळा तिथंच सुरू झाली, आणि नंबरशेठ घरी परतले ते दहाव्या वर्षी. दारात एक बाई उभी होती. ते तिला ‘काकू’ म्हणाले. ती त्यांची आई होती. ती हसली, त्यांना जवळ घेतलं, आणि मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पुढे ते तिला आई म्हणायला शिकले, पण शिकावं लागलं.

लग्नाला आठ वर्षं झाली, तरी हे त्यांनी बायकोला आज पहिल्यांदाच सांगितलं.  ती म्हणाली, “कळतंय हो मला. पण मी काय करू? मला हात दोनच आहेत. खाली उशी नसती तर?”  बाळाच्या जिवाशी खेळ नको, हे त्यांनाही पटत होतं.

रविवार उजाडला. मेहुणीबाई सकाळीच आल्या. परतीची बस साडेबाराची. लवंगीची पिशवी भरून दुकानात ठेवलेली: चार फ्रॉक, कापडी ससा, लाल वाटी. आपण कुठंतरी जाणार एवढंच तिला ठाऊक होतं, म्हणून ती मजेत होती.

“भावोजी, जायच्या आधी हिचे केस तेवढे कापा,” मेहुणीबाई म्हणाल्या. “डोळ्यांत येतायत.”

“बसेल नंबरात,” नंबरशेठ म्हणाले. त्यांचं लक्ष कशातच नव्हतं.

लवंगी बाकावर पोस्टमन आजोबांच्या शेजारी बसली. हे आजोबा कधीच निवृत्त झालेले, केसही निवृत्तीलाच आलेले, पण दर रविवारी हजर. त्यांचा नंबर लागणार एवढ्यात एक माणूस गाल धरून आत आला. दाढ ठणकत होती. दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, पण त्याआधी गालावर वाढलेलं दाढीचं जंगल उतरवायचं होतं. तो बिचारा काही न मागता दाराशी उभा राहिला. आजोबा उठले. “या, माझा नंबर घ्या.”

लवंगी टक लावून पाहत राहिली. “आजोबा, गेला तुमचा नंबर?”

“जातोय कुठं? यांच्या मागे लगेच मीच.”

“पण तुम्ही आधी आलात.”

“म्हणून तर देता आला,” आजोबा म्हणाले. “जो आधी आला त्यालाच नंबर देता येतो. मागून आलेल्याकडे द्यायला असतंय काय?”

दाढवाला बसला आणि उठला. “पुढचा!” आजोबा बसले आणि उठले. कुणी त्यांची जागा पळवली नाही, हे लवंगीनं नीट पाहून घेतलं.

आणखी दोघं झाले. “पुढचा!” आता ती. नंबरशेठनी खुर्चीच्या दोन हातांवर लहान मुलांची फळी आडवी टाकली, तिला उचलून बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ मारायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. एवढ्यात मागच्या दारातून बायको बाळाला घेऊन आली. बाळ तासभर टाहो फोडत होतं. पोट भरलं होतं, लंगोट कोरडा होता, तरी रडं थांबेना. तिचा चेहरा पार उतरला होता.

लवंगीनं आरशात आईकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. आणि कापडासकट फळीवरून खाली उतरायला लागली.

“अगं, पडशील! काय झालं?”

“बाबा, याला घे,” ती म्हणाली. “माझा नंबर याला. याच्या मागे लगेच मीच हं.”

 दाराला टेकलेला आठवा म्हणाला, “अहो, पण त्याला केस कुठायत?” आणि सगळा बाक खदखदून हसला.

नंबरशेठ हसले नाहीत. त्यांनी फळी काढली, बाळाला घेतलं आणि स्वतःच खुर्चीत बसले. बारा वर्षांत मालक त्या खुर्चीत कधी बसला नव्हता. मानेवरचे केस झटकायचा मऊ ब्रश, तोही नवा, त्यांनी खणातून काढला आणि त्या टकलावरून हळूहळू फिरवू लागले.

“बारीक ठेवू की मध्यम?” त्यांनी बाळाला विचारलं.

“बारीकच ठेवा,” पोस्टमन आजोबांनी परस्पर सांगून टाकलं.

बाळ रडता रडता थबकलं. ब्रश पुन्हा फिरला. त्यानं डोळे मिटले, एक मोठा उसासा टाकला आणि बापाच्या हातावर झोपून गेलं. लवंगी खुर्चीला खेटून उभी होती. “झोपला,” तिनं बाकाला कुजबुजत सांगितलं. “माझ्या नंबरात झोपला.”

नंबरशेठनी बाळ बायकोकडे दिलं. कापड झटकलं. “पुढचा” म्हणायचं राहूनच गेलं. लवंगी न बोलावताच चढायला लागली, तेव्हा त्यांनी घाईघाईनं फळी टाकली.

मेहुणीबाईंनी घड्याळ पाहिलं. “भावोजी, उरका. बस चुकेल.”

बायकोनं एका हातानं बाळ सावरलं आणि दुसऱ्या हातानं जमिनीवरची पिशवी उचलली. “ताई, तू निवांत जेव आणि संध्याकाळच्या बसनं जा,” ती म्हणाली. “हिचा नंबर चालू आहे. आमच्याकडे मध्येच उठवत नाहीत.” आणि पिशवी घेऊन ती घराच्या पायऱ्यांकडे वळली.

“आई!” लवंगीनं आरशातूनच हाक मारली. “त्याचं झालं. आता मी!”

“हो गं माझे आई, आता तूच,” पायऱ्यांवरून उत्तर आलं.

नंबरशेठची कात्री तेव्हा लवंगीच्या कपाळावर होती. ‘आई’ ही हाक त्यांनी ऐकली, हात हलला, आणि केसांची ओळ एका भुवईपासून दुसऱ्या भुवईपर्यंत साफ तिरकी गेली. बाकावरच्या सगळ्यांनी ती पाहिली.  जो तो मुकाट्यानं आपल्या नंबरची वाट पाहत बसला.