देवाजींची जुनी प्रेस

आमचे हे हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि देवाजी त्यांच्या हाताखाली प्रेस चालवत. पत्र्याला ठोकून आकार देणारी ती प्रेस. तिच्याखाली देवाजींची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. कोणी विचारलंच तर म्हणत, "डोया नोता लागला जी. निस्ता थकलो होतो."

तसल्याच प्रेस हा कारखाना बनवूनही विकायचा. १९७९ साली पश्चिम जर्मनीची ऑर्डर मिळाली आणि आमच्या घरातली झोप उडाली. तिकडच्यांची अट अशी, की काम करणाऱ्याचा हात चुकूनसुद्धा आत जाता कामा नये. यंत्राला दोन बाजूंना दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार. पुढे जाळी, आणि जाळी उघडली की यंत्र बंद. तपासायला त्यांचा माणूस येणार, त्याने शिक्का दिला तरच माल बोटीवर चढणार.

जमता जमत नव्हतं ते. कधी एकाच बटणावर प्रेस खाली यायची, कधी जाळी उघडी असतानाही चालायची. पुन्हा खोला, पुन्हा जोडा. हे घरी येऊन ताटावर बसत आणि भात नुसता चिवडत राहत.

चाचणीला देवाजीच बसत. उन्हाळाभर बसले. एकदा यांचा निरोप घेऊन घरी आले तेव्हा म्हणाले, "बाई, पैल्यांदाच मशीनवर बसून राहिलो अन् भेव नाही वाटून राहिलं. साहेबाले म्हटलं, आपल्या जुन्या प्रेसले पण हेच लावून द्या."

"मग काय म्हणाले?"

"शिक्का होऊ दे म्हणे, मंग पाहू."

तेव्हापासून त्या शिक्क्याची वाट यांच्याइतकीच तेही पाहत होते.

तपासणीच्या दिवशी हे अर्धा चहा टाकून गेले. थोड्या वेळाने फाटकाला सायकल टेकली. देवाजी. धुतलेला खाकी शर्ट, हँडलला डबा.

"जयभीम, बाई. आज इथंच व्हरांड्यात बसतो. चालते ना?"

"कारखान्यात नाही गेलात?"

"सुट्टी देल्ली." त्यांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला. "गोरा साहेब हा पंजा पाहीन तं बिचकन म्हणे. माह्या जागी आमच्या खात्यातल्या लहानूले बसवलं. त्याचे दाही शाबूत हायेत."

"मग घरी आराम तरी करायचा."

"बायकोले काय सांगू, बायजाबाईले? म्हणन, हळद लागली एकाले, बोहल्यावर चढला दुसरा."

दुपारी मी वरणभात वाढला, त्यांनी डबा उघडून अर्धा झुणका माझ्या ताटात घातला. घास हातात धरूनच एकदम म्हणाले, "आता जाळी उघडून पाहत असन. लहानूले सांगतलं होतं, घाई करू नको गा."

संध्याकाळी स्कूटर आली. यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. व्हरांड्यात देवाजी दिसले तसं ते मावळलं.

"झालं का पास?" देवाजींनी विचारलं.

"झालं. काही खोट काढली नाही."

"बरं झालं. मंग आपल्या प्रेसले कधी लावता?"

हे बूट न काढताच खुर्चीत बसले. "मालक म्हणतात, त्यांनी मागितलं म्हणून केलं. इथं कोण मागतं?"

"मी मागून राहिलो ना."

हे वाकून बुटाची नाडी सोडू लागले. मग म्हणाले, "पुन्हा बोलून पाहतो."

"बोला, साहेब. तवरोक मी त्या मशीनवर बसत नाही."

आणि नाहीच बसले. त्यांना पॅकिंगला टाकलं. जर्मनीला जाणाऱ्या प्रेसच्या पेट्यांना खिळे ठोकायचे, मजुरी कमी. हे मालकांशी बोलले, परत बोलले, मग यांचंही बळ सरलं. वर्षभराने जुन्या प्रेसला नुसती जाळी आली, बटणं नाहीच. जाळीमुळे हात मंदावला, नग मात्र पहिल्याइतकेच मागत. तेव्हा पोरांनीच ती काढून भिंतीला टेकवली. ही गोष्ट मला यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं.

त्यानंतर बायजाबाई एकदा तणतणत आली. देवाजी मागे फाटकाशी सायकल धरून उभे.

"बाई, साहेबाले म्हणा, याले प्रेसवर वापस घ्या. लहानू बसते, बाकीचे बसतेत. हाच एक जर्मनीचा जावई!" मग मागे वळून, "काहून गा, ऐकून राहिला ना?"

"ऐकून राहिलो वं."

"मंग?"

"मंग काही नाही. चाल, अंधार पडते."

ती पुटपुटत कॅरियरवर बसली. दुसऱ्या दिवशी मी यांना विचारलं, देवाजी प्रेसवर बसले का. पॅकिंगलाच आले होते, हे म्हणाले.