तीन मीटर म्हणजे किती डिग्री?

आमच्या हिच्या मामांइतका समुद्राचा अभ्यास असलेला माणूस अख्ख्या जळगावात नाही, आणि समुद्र न पाहिलेलाही त्यांच्याइतका पक्का दुसरा नाही. शिरपूरकडची केळीची बाग भावावर सोपवून मामा जळगावात मेहरूणला राहायला आले, तेव्हापासून रोज संध्याकाळी गच्चीवर बसून ते फोनवर कोकण किनाऱ्याचा वारा बघतात. वाऱ्याचा वेग तिथे नॉटमध्ये देतात. मामांनी त्याच्या सरळ गाठी केल्या. भाजीवाल्याला सांगतात, "आज वीस गाठी वारा शे," आणि तो बिचारा त्यांची पिशवी चाचपून बघतो. मोजमाप सगळं केळीचं. दहा गाठींना पान फाटतं, वीसला झाड वाकतं, तीसला बाग आडवी. बागेचं हे होतं तर होडीचं काय होत असेल, हे त्यांचं शास्त्र.

या शास्त्रामागे त्यांची मुलगी. चार वर्षांपूर्वी तिने रत्नागिरीकडच्या, स्वतःच्या होडीवर मासेमारी करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. मामा लग्नात पोटभर जेवले, पण जावयाशी बोलले नाहीत. "ज्याना पायखाले जमीनच नई, त्याना काय भरोसा?" म्हणाले. तेव्हापासून अबोला. मात्र रोज संध्याकाळी मुलीला वाऱ्याचा आणि लाटेचा मेसेज जायचा, खाली एकच ओळ, "सांगी दे त्याले." त्याचं नाव घ्यायचं नाही.

गेल्या मे महिन्यात मामांनी चष्मा न लावता मेसेज टाकला, "उद्या मोठी लाट. तीन मीटर. कोणी बाहेर पडू नये." तो गेला गल्लीच्या ग्रुपवर. आता मे महिन्यात जळगावात लाट म्हणजे उन्हाचीच. गल्लीने कूलर भरले, खिशात ठेवायला कांदे काढले, एका घरचा दुपारचा साखरपुडा सकाळी सातवर आला. मी गच्चीवर मामांसोबत चहा पीत होतो, तेवढ्यात समोरच्या काकूंनी मामांना ओरडून विचारलं, "आबा, तीन मीटर म्हणजे किती डिग्री हो?"

मेसेज मुलीला गेलाच नाही, हे मामांना तेव्हा कळलं. मुलीला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. पहाटे होड्या निघणार. "जावयांनाच लावा ना," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू लाट मीच आणली. मग मुकाट्याने नंबर काढला. तो 'होडी' या नावाने ठेवलेला होता.

"मी जळगावहून बोली ऱ्हायनू. सकायले होडी काढू नको. लाट मोठी शे."

"नाही काढत, आबा," पलीकडून आवाज आला.

मामांनी फोन ठेवला नाही. शेवटी मामा खाकरले. "जेवण व्हयनं का?"

पुढे महिन्याभराने मुलगी माहेरी आली, तेव्हा तिने हिला हळूच सांगितलं. बंदरावर धोक्याचा बावटा दोन दिवस आधीच लागला होता. होडी केव्हाच वर ओढून ताडपत्रीखाली ठेवलेली होती, आणि फोन आला तेव्हा जावई त्या होडीलाच टेकून बसला होता. आबांना हे कळू द्यायचं नाही, असं त्याने बजावलंय.

आम्हीही कळू दिलं नाही. आता मासेमारी सुरू असली की रोज संध्याकाळी जावयाचाच फोन येतो, "आबा, उद्या काढू का होडी?" मामा गच्चीच्या कठड्याशी जातात. मेहरूणच्या तलावाकडे तोंड करून उभे राहतात, ओलं बोट वर धरतात. तलावावर एक पान हलत नसतं. मला हसू येतं.

"जाय," मामा म्हणतात, "पन लवकर ये."