मंगळवारची निळी नळी

लातूरच्या गूळबाजारात आडतदार वीरभद्र आप्पांच्या जिभेवर कुणी अपील करत नसे. ढेपेतून नखाएवढा तुकडा काढायचा, जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "खारा हाय." शेतकरी कितीही तणतणो, खरीददार त्या ढेपेपासून लांब सरकलेच म्हणून समजा.

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं सरकारी कामाला निघाली की सवयीने उस्मानाबादचंच नाव घेत. त्यात दुष्काळ. विहिरी तळाला गेलेल्या, तळाचं पाणी मचूळ, त्यामुळे ऊस खारट आणि गूळही खारट. एकदा चाखून भागेना, ढेप दोन-दोनदा चाखावी लागे. दिवसाला साठ-सत्तर तुकडे सहज होत. आप्पांना सहा वर्षांपासून मधुमेह होता, पण चाखणं म्हणजे खाणं नव्हे, हे त्यांचं शास्त्र. खारा गूळ ते थुंकत. चांगला गूळ थुंकणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

महिन्यातून एकदा ते डॉक्टरांकडे जात, तेही मंगळवारी सकाळीच. सोमवार महादेवाचा. त्या दिवशी कडक उपवास, गुळाला स्पर्श नाही, संध्याकाळी लिंगपूजा झाल्यावर वाटीभर दूध. दुसऱ्या दिवशी डॉक्टर काचेच्या नळीत निळं औषध घेत, त्यात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर तापवत. नळी निळीच राहिली म्हणजे साखर नाही. आप्पांची निळीच राही. यात आपण कुणाला फसवतो असं त्यांना वाटत नसे. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर झाडतोच की.

मग चपलेचा खिळा उजव्या अंगठ्यात घुसला. आप्पांना पत्ताच नाही. फरशीवर रक्ताचे ठिपके त्यांच्या बायकोला, शांतम्माला दिसले.

"अहो, पायाला काय झालंय?"

"कुठं काय? दुखत तर न्हाई."

दुखत नाही हीच तर मेख होती. तो बुधवार होता. "मंगळवारी जाऊ," आप्पा म्हणाले, आणि सहा दिवस हळद भरून बाजारात उभे राहिले. मंगळवारी नळी निळी. डॉक्टरांनी मलम दिलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा निळी, मलम बदललं. तिसऱ्या मंगळवारी अंगठ्याला वास येत होता.

"साखर ताब्यात आहे, मग जखम का भरत नाही?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "असंच राहिलं तर पाऊल जाईल, आप्पा."

आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. शांतम्माने पदर सावरला.

"डॉक्टरसाहेब, आज मंगळवार हाय म्हणून निळी हाय. ह्यांचा सोमवारी उपास असतो. गुरुवारी बघा एकदा."

"तुला कुणी विचारलं का?"

"पाऊल तुमचंच हाय, पण धुवायचं मलाच हाय."

गुरुवारी नळी आधी हिरवी झाली, मग पिवळी आणि शेवटी पक्क्या विटेसारखी लाल. डॉक्टरांनी ती आप्पांच्या नाकासमोर धरली आणि विचारलं, "दिवसभर खाता काय?"

"खात काहीच न्हाई. चाखतो."

तीन दिवसांनी अंगठा कापला. पाऊल राहील की नाही ते महिनाभराने सांगू, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. शांतम्मा काचेची सिरिंज उकळून रोज मांडीत इन्सुलिन टोचू लागली. गूळ बंद, चाखायचाही नाही.

बाजारात परतल्या दिवशीच औशाकडच्या लिंबाजी शेतकऱ्याने आपल्या ढेपेचा तुकडा पुढे केला.

"एकच, आप्पा. तुम्ही बोलल्याबिगर माल उठत न्हाई."

तुकडा आप्पांच्या बोटांत आला. पिवळाधमक, कणीदार. तोंडाला पाणी सुटलं, हात छातीपर्यंत गेलाही. मग त्यांनी तो मागे रांगेत उभ्या असलेल्या शेषेरावाला दिला.

"तू चाख."

"हे काय?" लिंबाजी तडकला. "आमचा बांधाचा वाद चालू हाय. तो गोड म्हणंल व्हय?"

"त्याला बोलायचंच न्हाई. मी त्याचं तोंड बघून सांगतो."

शेषेरावाने तुकडा दाढेखाली धरला. कपाळाला आठी घालायची त्याने तयारी केली, पण जीभ ओठांवरून एकदा फिरलीच.

"चांगला हाय," आप्पा म्हणाले.

"मी कुठं म्हणलो?" शेषेराव ओरडला. माणसं हसली.

सगळ्यांनाच ते पटलं नाही. दोन जुने खरीददार, आप्पांची जीभ गेली म्हणत, पलीकडच्या आडतीत गेले. आप्पांना ते लागलं. पण दुसऱ्या दिवशीही त्यांनी शेजाऱ्याचा माल शेजाऱ्याला चाखायला लावला, आणि भांडणं मिटवत दुपार काढली.

महिन्याने गुरुवारीच बोलावणं होतं. नळी हिरवी झाली आणि तिथेच थांबली. डॉक्टरांनी पट्टी सोडली. कापलेल्या जागी लाल मांस भरत होतं. त्यांनी नवी पट्टी बांधली, सुईचं प्रमाण लिहून दिलं, आणि पाऊल कापायचा विषय काढला नाही.