अशोकच्या भंगार मशिनी

पोलादपूरहून फोन आला तेव्हा मी महाडच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाचं माप घेत होतो. फोनवर अशोकची बायको, संगीता होती. "दादा, हे गेले हो... काम करता करताच." मी फोन ठेवला आणि बाहीचं माप पूर्ण केलं. दीड महिना झाला, पण आपण त्या वेळी टेप हातातून खाली का ठेवली नाही, हे अजून माझं मला सांगता येत नाही. किंवा येतं, पण सांगवत नाही.

अशोक माझा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. नाते गावच्या बौद्धवाडीत आम्ही एकाच अंगणात वाढलो. मी शिवणकाम शिकून महाडच्या बाजारात दुकान टाकलं, तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटी फिटर झाला. तोवर मी वरचढ होतो आणि ते मला आवडायचं. मग लॉकडाऊनमध्ये त्याची नोकरी गेली आणि पाठोपाठ महाडात पूर शिरला. दुकानात छातीभर पाणी चढलं होतं. ते ओसरल्यावर मी चिखलानं भरलेली माझी मशीन ओढत रस्त्यावरच्या ढिगाऱ्यात नेऊन टाकली, तेव्हा अशोक तिथे उभा होता.

"फेकतोस काय, दादा? मेली नाय ती. गाळ भरलाय नुसता."

"पाहिजे तर तू ने," मी चिडून म्हणालो.

त्यानं ती नेली. बाजारभर फिरून लोकांनी टाकलेल्या आणखी पाच-सहा नेल्या. सगळ्या खोलल्या, डिझेलमध्ये भिजवल्या, तेल घालून फिरत्या केल्या. पोलादपुरात एक गाळा भाड्यानं घेतला आणि डोंगरातल्या वाड्यांवरच्या चार बायका शिवायला बसवल्या. "या दिवसांत कपडे शिवणार कोण?" मी विचारलं. तो हसला. "लोकांनी नवं शिवायचं थांबवलंय, दादा. जुनं घालायचं नाय थांबवलं." तिथे त्या बायका कॉलर उलटून लावत, चेन बदलत, दप्तरांचे पट्टे शिवत. मी असल्या कामाला कधी हात लावला नव्हता. मी नवी मशीन घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो होतो आणि त्याच्या दारात माणसं उभी असत. एकदा जेवताना बायको म्हणाली, "भावजी बघा, रडत नाय बसले."

पुढे एका शाळेचे गणवेश शिवायचं काम अशोकला मिळणार असं कानावर आलं. मी शाळेतल्या ओळखीच्या क्लार्ककडे गेलो. "पुरातल्या भंगार मशिनी आहेत त्या. शिलाई टिकणार नाही," एवढंच बोललो. काम माझ्याकडे आलं... आणि माझ्याच अंगावर पडलं. शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते आणि निम्मेही गणवेश झाले नव्हते. तेव्हा सकाळी दुकानापुढे टेम्पो थांबला. अशोक, चार बायका, मागे मशिनी. "दादा, किती राहिलेत?" एवढंच विचारून तो बसला. त्यातल्या एका मशीनच्या फळीचा कोपरा तुटलेला होता. ती माझीच होती. ती सुरळीत चालत होती.

पाच दिवसांत काम संपलं. टेम्पोत चढताना तो हळूच म्हणाला, "भंगार चालली ना, दादा?"

त्याला सगळं ठाऊक होतं. तो भांडला असता तर मी सुटलो असतो. त्या दिवसापासून मला त्याचा हेवा जास्तच वाटू लागला, कारण तो नुसता हुशार नव्हता, मनानंही मोठा निघाला होता. मी कधी माफी मागितली नाही.

अशोकच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले, त्या दिवशी गाळ्यातल्या बायका घरच्यासारख्या रडत होत्या आणि माझ्यासाठी असं कोण रडेल, हे मी मनात मोजत होतो. संगीता म्हणाली, "दादा, गाळा बंद नको पडायला. कटिंगला याल?"

आता मी आठवड्यातून तीन दिवस एसटीनं जातो. मशीन सुरू करण्याआधी तिथे बायका एकमेकींना विचारतात, "येताना काय दिसलं?" ती अशोकची सवय. कुणाला फाटका मंडप दिसतो, कुणाला उसवलेली रिक्षाची सीट. त्यातूनच दिवसाचं काम निघतं. पहिल्या दिवशी मला विचारलं, तर मी म्हणालो, "काही नाही." त्या रस्त्यानं मी वीस वर्षं ये-जा केली होती.

परवा मात्र मी मुद्दाम खिडकीशी बसलो. पोलादपूर स्टँडच्या अलीकडे एका टपरीची ताडपत्री फाटून लोंबत होती. गाळ्यात शिरताच मी ते सांगून टाकलं.

"ती व्हय?" एकजण म्हणाली. "भाऊंनी कवाच बघितलेली." तिनं टेबलाखालून नव्या ताडपत्रीची घडी काढली. तिच्यावर खडूनं, अशोकच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'स्टँडजवळची टपरी. पावसाआधी.'

क्षणभर पुन्हा तोच हेवा वाटला. मग मी घडी उलगडली आणि कात्री मागितली.