दोरेताईंची कापडावरची बाग

दोरेताईंच्या अंगावर कुठे ना कुठे एक दोरा असतोच. कधी बाहीवर, कधी केसांत. दातांच्या दवाखान्यात त्या पुढच्या टेबलाशी बसतात आणि पेशंटना आत सोडतात. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावरचा लाल दोरा काढायला म्हणून ओढला. तो येतच राहिला. शेवटी कळलं, की तो ताईंच्या पिशवीतून आलाय आणि पिशवीतल्या स्वेटरची अर्धी बाही उसवलीय. तेव्हापासून त्यांचं हे नाव पडलं. घरी सासूबाईही रागावल्या की हेच नाव घेतात.

त्यांच्या घरात खोलीगणिक एक काम चालू असतं. स्वयंपाकघरात विणकाम, दूध वर येईपर्यंत दोन ओळी होतात म्हणून. बैठकीत क्रोशाचा टेबलक्लॉथ. दवाखान्याच्या टेबलाखाली भरतकाम. आणि शिवणाच्या खोलीत तुकडे जोडून करायची एक रजई, जी लग्नाच्या वर्षी सुरू झाली आणि अजून एका माणसाच्या गुडघ्यापर्यंतच पोचते. सगळं सुरू होतं, पुरं काही होत नाही. नवऱ्याचा एक स्वेटर एकाच बाहीचा आहे. तो म्हणतो, "दुसरा हात थंडीला सरावलाय."

बाग मात्र दरवर्षी पुरी होते. झाडं ताईंची वाट बघत थांबत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

बागेचीही त्यांची एक रीत आहे. बाकीचे लोक बाग कागदावर आखतात. दोरेताई ती भरतात. थंडी सरत आली, की हातरुमालापेक्षा थोडं मोठं पांढरं कापड घेतात. मध्ये दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, पुढे कुंपण. मग कुठे काय फुलणार ते रेशमाने भरत जातात. पिटुनिया जांभळा, फ्लॉक्स गुलाबी, झिनिया केशरी, सूर्यफूल पिवळंधमक. सगळा भरीव टाका. गाठ कुठेही नाही. दोऱ्याची टोकं टाक्यांखाली अशी दडवलेली, की कापड उलटं केलं तरी सुलटंच वाटावं. हा ताईंचा अभिमान होता. "पुढून सगळेच चांगले दिसतात," त्या म्हणत, "मागून बघा."

यंदाची बाग सासूबाईंसाठी होती.

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, पण सासूबाई पलंग सोडेनात. पलंग खिडकीशी. खिडकीतून समोरचा सगळा रस्ता दिसे. पोस्टमन कुणाकडे रेंगाळला, समोरच्या मास्तरीणबाईंकडे कोण आलं, किती वेळ बसलं, हे सगळं त्यांना बसल्या जागी कळे.

व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. ती म्हणे, "आजी, आता उठायचं. दारापर्यंत तरी."

"दारात काय ठेवलंय? इथून मला सगळं दिसतं."

फाटकापाशी ती मुलगी हळूच ताईंना म्हणाली, "काकू, पायातली ताकद चाललीय. आत्ता उठल्या तर उठल्या. नाही तर पुढे त्यांनी ठरवलं तरी पाय ऐकायचे नाहीत."

ते वाक्य ताईंच्या मनात टाचणीसारखं रुतलं. त्यांनी आपल्या परीने सगळं केलं. वॉकरच्या मुठींना सासूबाईंच्या आवडत्या निळ्या लोकरीची मऊ आवरणं विणली. ती मात्र दोन्ही पुरी केली.

सासूबाईंनी हात फिरवून पाहिलं. "छान झालीत. टॉवेल वाळत घालायला बरं पडेल."

मग ताईंनी बाग आखायला घेतली. रस्त्यावर उभं राहून घराकडे पाहिलं, तर दाराच्या डावीकडे सासूबाईंची खिडकी आहे आणि उजवीकडे शिवणाच्या खोलीची. डावीकडे सगळी बुटकी फुलं लावायची, म्हणजे आईंना पलंगावरून दिसतील. दिसली की जवळ जावंसं वाटेल. माणूस फुलांपायी उठतो, असा ताईंचा विश्वास होता. उजव्या कोपऱ्यात पाण्याची गंजकी टाकी आहे. ती झाकायला तिकडे सूर्यफुलं. टाकी त्यांनी कापडावर भरली नाही. जी वस्तू झाकायची, तीच कोण भरत बसेल?

पेरणीच्या दिवसांत डॉक्टरांच्या घरी पाळणा हलायची वेळ आली. ताईंनी ब्लँकेट कबूल केलं होतं. दवाखान्यात पैज लागली होती, की ते बाळाच्या लग्नात मिळेल. ताई इरेला पेटल्या.

"तू विणत बस," नवरा म्हणाला. "बाग मी लावतो. ड्रॉइंग दे."

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. ड्रॉइंग असलं की त्याला देवही चुकवू शकत नाही, असं तो स्वतःच सांगतो. त्याने रजा काढली. कापड एका फळीवर टाचण्यांनी ताणून बसवलं. टेप लावून मापं घेतली, खुंट्या ठोकल्या, सुतळ्या ताणल्या. बी टाकताना तो असा वाकून बघे, जणू खाली दहा मजले आहेत.

ब्लँकेट बाळाच्या आधी पोचलं. दवाखान्यात दोघं-तिघं पैज हरले. ताई आठवडाभर मान ताठ ठेवून फिरल्या.

मग एका सकाळी त्या पाणी घालायला गेल्या आणि झारी हातातच राहिली. सासूबाईंच्या खिडकीखाली रुंद, खरखरीत पानं वर आली होती. टाकीच्या बाजूला नाजूक पिटुनिया.

"अहो, बाहेर या जरा."

नवरा आला. "काय झालं? मस्त उगवलंय की."

"सूर्यफुलं इकडे कशी?"

"ड्रॉइंगमध्ये इकडेच आहेत." तो फळी घेऊन आला. "हे बघ. दार. दाराच्या डावीकडे पिवळं."

ताईंनी टाचण्या काढल्या, कापड उलटं केलं आणि पुन्हा फळीवर धरलं. पिवळं उजवीकडे गेलं.

नवरा दोन्ही बाजू आलटून पालटून बघत राहिला. "यातली सुलटी कुठली?"

"ही."

"कशावरून?"

ताईंनी कापड डोळ्यांजवळ नेलं. एखादं टोक, एखादी गाठ, काहीतरी दाखवायला हवं होतं. सापडेना.

"चूक माझी नाही," तो शांतपणे म्हणाला. "आमच्याकडे ड्रॉइंगवर वर कुठलं, खाली कुठलं, ते लिहितात. तू एक गाठ मारली असतीस तर काय बिघडलं असतं?"

ताईंनी आयुष्यभर मागची बाजू जपली होती, तीच आता अंगाशी आली.

त्यांनी एक रोप मुळासकट काढून दुसरीकडे लावून पाहिलं. त्याने दुपारपर्यंत मान टाकली. बाकीची उपटायला हात होईना. उगवलेलं उपटायचं म्हणजे विणलेलं उसवण्यापेक्षा वाईट. लोकर परत वापरता येते.

सूर्यफुलं मात्र जोमाने वाढली. आधी खिडकीची चौकट गाठली, मग गज, मग अर्धी काच. रोज रस्त्याचा एकेक तुकडा कमी होत गेला. आधी मास्तरीणबाईंची पायरी गेली, मग त्यांचं दार, मग पोस्टमनचा कंबरेपासून खालचा भाग.

"आज मास्तरीणबाईंकडे कुणी तरी आलं होतं," सासूबाई जेवताना म्हणाल्या. "टोपी दिसली. टोपीखाली कोण होतं ते तुझ्या झाडांना ठाऊक."

फुलं उमलली आणि आणखीच पंचाईत झाली. सूर्यफुलांनी तोंडं उन्हाकडे म्हणजे रस्त्याकडे केली. येणारे-जाणारे थांबून बघत, वाहवा करत. सासूबाईंच्या वाट्याला हिरवे देठ आले.

"घरात कुणी माझ्याकडे बघत नाही ते नाहीच," त्या मुलाला म्हणाल्या, "आता फुलंही पाठ करून उभी आहेत."

"आई, ड्रॉइंग—"

"तुझं ड्रॉइंग घाल चुलीत. ती झाडं कापा."

ताईंना रात्रंदिवस एकच लागून राहिलं. फुलांपायी उठवायला निघालो आणि होती ती करमणूकही काढून घेतली. आता आई भिंतीकडे तोंड करून पडल्या, तर ते आपल्याच सुईने झालेलं. सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यांनी मोठी कात्री घेतली आणि बाहेर गेल्या. समोर मास्तरीणबाईंच्या दारात एक ट्रक घुरघुरत उभा होता. ताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पहिला देठ हातात धरला आणि सवयीने पानांतून खिडकीत पाहिलं.

पलंग रिकामा होता.

पडल्या का? आवाज तर आला नाही.

"अगं दोरेताई."

हाक डावीकडच्या खिडकीतून नव्हती. दाराच्या पलीकडून आली. ताईंनी वळून पाहिलं. शिवणाच्या खोलीच्या खिडकीत, पिटुनियांच्या वर, सासूबाई उभ्या होत्या. दोन्ही हात वॉकरच्या निळ्या मुठींवर. केस विस्कटलेले, कपाळावर घाम, आणि खांद्यावर कुठून तरी चिकटलेला हिरवा दोरा.

"तिथे काय करतेस? इकडून बघ. पियानो उतरतोय. या वयात पियानो."

ताई जागच्या हलल्या नाहीत. पायाशी चिमणी उतरली की माणूस जसा राहतो, तशा राहिल्या.

"तिकडून काही म्हणजे काही दिसेना," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "ट्रकचा आवाज ऐकतेय कधीची. तुझा नवरा आंघोळीला. मग आले मीच. आणि ही खोली आहे का भंगाराचं दुकान? बसायला जागा नाही."

ताई आत धावल्या. खुर्चीवरचे लोकरीचे गुंडे, टेबलक्लॉथचा तुकडा, एकबाही स्वेटर सगळं जमिनीवर ढकललं. सासूबाई बसल्या. पियानो आत जाईपर्यंत त्यांनी खिडकीवरची नजर काढली नाही. मग मांडीवर आलेल्या रजईचं टोक उचलून बघितलं, उलटून मागची बाजूही बघितली.

"काम नीट आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पण पुरं कधी करणार?"

"करते, आई."

"आणि ती झाडं? कात्री तर हातात आहे तुझ्या."

ताईंनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं. मग उद्याच्या पोस्टमनचा विचार केला, परवाच्या पियानोच्या शिक्षकाचा विचार केला, आणि पलंगापासून या खुर्चीपर्यंतच्या वाटेचा.

"उद्या कापते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आठवण करून दिली, तेव्हाही त्या उद्या म्हणाल्या. नवऱ्याने कात्री शोधून पाहिली. ती लोकरीच्या टोपलीत तळाशी गेली होती, आणि त्या टोपलीत गेलेली वस्तू शोधायला कुणी धजत नाही. सासूबाई रोज सकाळी वॉकर टेकत शिवणाच्या खोलीत जाऊन बसतात आणि तिथून सगळा रस्ता बघतात. बघता बघता रजईला एखादा तुकडाही जोडतात. रोज परत येताना म्हणतात, "या बाईच्या हातून एक काम पुरं होईल तर शपथ."

घरात कुणालाच संशय आला नाही. दोरेताईंनी एखादं काम अर्धवट ठेवलं, यात नवल ते काय.