न्हाणीघरात अडकलेला घरमालक

डिंपना हेगर्टीला एकदा हसू फुटलं की ते तिलाही आवरत नसे. नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी पाद्रीबाबांनी त्या अखंड बडबड्या माणसाला "मितभाषी आणि शांत" म्हटलं, तेव्हा पहिल्या बाकावरची ही विधवा रुमालात तोंड खुपसून गदागदा हलत होती, आणि मागची मंडळी "किती रडतेय बिचारी" म्हणून हळहळत होती.

नवरा गेल्यावर ती आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या उत्तरेकडच्या चढावर, एका चिंचोळ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आली. शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून द्यायचं तिचं काम. तेवढ्या पगारात कॉर्कमध्ये डोक्यावर छप्पर मिळणं अशक्य, म्हणून भाड्याचा मोठा वाटा नगरपालिका भरायची, तोही थेट घरमालकाच्या खात्यात. घरमालकाचं नाव कॉर्मॅक ड्रिनन. बारा महिने रापलेला चेहरा, पायात पांढरे बूट, आणि तक्रार केली की एकच उत्तर: "बघू."

बघण्यासारखं पुष्कळ होतं. पावसाचं पाणी छपरातून न्हाणीघरात यायचं. भिंतीवरच्या काळ्या बुरशीला बिशपच्या उंच टोपीसारखा आकार आला होता, तेव्हापासून डिंपना तिला बिशपच म्हणायची. खालच्या मजल्यावरचा बॅटी, गोदीत हयात घालवलेला म्हातारा, जिन्यात भेटला की विचारायचा, "काय पोरी, बिशप कसे आहेत?" साठीची पोरगी उत्तर द्यायची, "जाडावलेत. लवकरच रोमला बदली होणार."

दरवर्षी नगरपालिकेचा माणूस येऊन, मान हलवून, घर राहण्याच्या लायकीचं नाही असं लिहून जायचा. आणि दर महिन्याला ड्रिननच्या खात्यात भाडं बिनबोभाट जमा व्हायचं.

त्या वर्षी नवी तपासनीस आली. नेसा कॅशमन, तिशीची, लाल रेनकोट घातलेली, मोजकं बोलणारी. तिच्याबरोबर ड्रिननही हजर झाला. नव्या बाईला आपणच घर दाखवावं, असा त्याचा बेत असावा.

"ही बुरशी घराची नाही हं," नेसाला घेऊन न्हाणीघरात शिरत तो म्हणाला. "ही भाडेकरूची. आंघोळ करतात, वाफ धरते."

"मग काय कोरडी आंघोळ करू?" डिंपना बाहेरून म्हणाली.

"खिडकी उघडायची, बाई!"

"ती उघडत नाही."

"तुम्हाला उघडता येत नाही. आणि नेसा, हे दार बघा. अस्सल ओक! असं दार आज कुठे मिळतं?"

"अहो थांबा, ते पूर्ण लावू न—"

ड्रिननने धाडकन दार लावून दाखवलंच. ओल पिऊन फुगलेलं ते दार डिंपना कधीच पूर्ण लावत नसे, मध्ये सपाता अडकवून ठेवायची. आता ते चौकटीत असं रुतलं, जणू भिंतच. आतून ड्रिननने ढकललं. बाहेरून डिंपनाने दोन्ही हातांनी मूठ धरून ओढलं, तर मूठ निघून हातात आली आणि ती सपशेल पार्श्वभागावर आदळली. दारात मूठ होती तिथे गोल भोक उरलं. त्या भोकात ड्रिननचा एक डोळा दिसला.

तिथेच डिंपनाचं हसू फुटलं.

"हसताय काय? मूठ बसवा!"

"कशात बसवू?" डोळे पुसत ती म्हणाली. "लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालंय!"

"कॉर्मॅक, खिडकी उघडा ना," आतून नेसाचा आवाज. मग कण्हणं, ढकलणं, एक शिवी.

"खिडकीला रंग जरा जास्त लागलाय, म्हणून चिकटलीये," ड्रिनन म्हणाला.

"खिडकी उघडत नाही," नेसा सावकाश म्हणाली. "हवा यायला दुसरी वाट नाही."

"तुम्ही आत्ता लिहिताय हे?"

"मग काय करू? तुमच्याशी पत्ते खेळू?"

गलका ऐकून बॅटी धापा टाकत वर आला. डिंपना जिन्यावर बसून पोट धरून हसत होती, तिला धड सांगताही येईना. तिने नुसतं भोकाकडे बोट दाखवलं. बॅटीने वाकून आत पाहिलं.

"नमस्कार, ड्रिननसाहेब. बिजागऱ्या काढता येतील का?"

"गंजून एकजीव झाल्यात," नेसा म्हणाली. "लिहिल्या मी."

"मग दार फोडतो."

"खबरदार!" ड्रिनन ओरडला. "त्याचे पैसे कोण देणार?"

"नगरपालिका देईल की! बाकी सगळं तीच देते ना तुम्हाला?"

आता आतून नेसाही खुदकन हसली.

बंबवाल्यांना फोन केला. कुणाच्या जिवावर बेतलं नसेल तर उशीर होईल, असं उत्तर आलं. पाहुण्यांना उपाशी ठेवणं डिंपनाच्या रक्तात नव्हतं. तिने हॅमचे पातळ काप कागदात गुंडाळून दाराखालून सरकवले, चीजही सरकवलं. चहासाठी वाकणारी नळी भोकातून आत घातली आणि बाहेर कप धरून उभी राहिली. आधी नेसा प्यायली. मग बराच वेळ मानापमान चालला, आणि शेवटी ड्रिननही ओढू लागला. एवढ्यात बाहेर पावसाने जोर धरला.

"छप् करून काय पडलं?" बॅटीने विचारलं.

"छपराचं पाणी," नेसा म्हणाली. "कॉर्मॅकच्या टकलावर."

डिंपनाच्या हातातला कप इतका हिंदकळला की नळी सुटली.

"हे पाहा," ड्रिनन चिडून म्हणाला, "घर वाईट असतं तर तुमच्याच नगरपालिकेने मला पैसे दिले असते का?"

मग डिंपनाने भोकाला तोंड लावलं. "नेसा, खरंच गं. तुम्हीच लिहिता घर वाईट, आणि तुम्हीच पैसे देता. असं कसं?"

"लिहिणारा विभाग वेगळा, देणारा वेगळा," नेसा म्हणाली. "आणि पैसे थांबवले तर हे तुम्हाला रस्त्यावर काढतील. जायला घर कुठे आहे? म्हणून कुणी थांबवत नाही."

डिंपनाचं हसू पहिल्यांदाच ओसरलं. म्हणजे त्याचं भाडं तिच्यामुळे चालू होतं, आणि तिची गळती त्याच्यामुळे. तिने कप खाली ठेवला.

"रस्त्यावर काढाल मला, कॉर्मॅक?"

आत नुसतं छप्, छप् झालं. मग ड्रिनन पडलेल्या आवाजात म्हणाला, "आधी मला बाहेर काढा हो."

तेवढ्यात बंब आला आणि सगळी गल्ली छत्र्या घेऊन बाहेर पडली. शिडी लागली. जवानाने खिडकीला पहार लावायचा अवकाश, अख्खी चौकट त्याच्या हातात आली, मऊसूत, ओल्या केकसारखी. आधी लाल रेनकोट झपझप उतरला. मग ड्रिनन, पाठमोरा, पांढऱ्या बुटांनी शिडीची पायरी चाचपत, टकलावरून पाण्याचे ओघळ वाहत. तो खाली पोचल्यावर गल्लीने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "आता भाडं कोण देणार, आत राहिलेल्या वेळाचं?" तोवर जवानाने आत शिरून लाथेने दार उघडलं होतं, आणि डिंपना वर भिंतीतल्या भगदाडात उभी राहून हसत होती, पाऊस तोंडावर घेत.

भगदाड गल्लीभर दिसत होतं, त्यामुळे त्याच आठवड्यात नवी खिडकी बसली. पाठोपाठ दार आलं, साधं, पण लागणारं. नेसाने या वेळी स्वतःचा अनुभव लिहून प्रकरण कोर्टात नेलं. न्यायाधीशांना नळीचा चहा दोनदा समजावून सांगावा लागला. ड्रिननला दंड झाला, आणि छप्पर दुरुस्त होईपर्यंत डिंपनाला घराबाहेर काढायचं नाही, अशी हमी त्याने दिली. छपराचं काम वसंतापर्यंत रखडलं. भाडं त्याला त्या काळातही वेळेवर मिळत राहिलं, एकही महिना न चुकता.

छप्पर झालं त्या रविवारी डिंपनाने नळ सोडला, टब काठोकाठ भरला, खिडकी सताड उघडली आणि गळा मोकळा सोडून गायला लागली.

"पोरी, खिडकी लाव!" अंगणातून बॅटी ओरडला. "कबुतरं पळाली!"

"हवा खेळू देतेय!" ती वरून ओरडली. "घरमालकाचा हुकूम आहे!"